प्राग, बर्लिन, कर्जत

२ नोव्हेंबर, सकाळी

जगातील कोणत्या शहरांत सर्वाधिक जिओकॅश आहेत, यावरचा एक लेख वाचला. प्राग बरेच वर, बर्लिनही वर. कर्जत नाही. लेख पुन्हा वाचला. कर्जत नाहीच.

जिओकॅश म्हणजे लपवून ठेवलेला डबा. आत एक कागद. डब्याचे अक्षांश-रेखांश ॲपवर जाहीर करायचे. जगातल्या कोणीही यावे, फोन हातात धरून डबा शोधावा, कागदावर नाव लिहावे आणि डबा होता तसा ठेवून निघून जावे. बक्षीस नाही, टाळ्या नाहीत. केवळ नोंदीसाठी केलेली नोंद. माझ्यासारख्या बी.कॉम. फर्स्ट क्लास माणसापर्यंत हा खेळ इतक्या उशिरा पोचावा, हा वृत्तपत्रांचा नाकर्तेपणा आहे.

ॲपवर तालुकानिहाय तपासणी केली. कर्जत : शून्य. खालापूर : तीन. तिन्ही खोपोलीत, तिन्ही रुपेशचे. हा रुपेश रसायनीच्या कंपनीत अकाउंट्समध्ये माझ्या हाताखाली होता. एका वर्षी त्याने जमिनीवर घसारा आकारला होता, जणू जमीन यंत्रासारखी झिजते. अशा माणसाच्या तालुक्यात तीन आणि माझ्या तालुक्यात शून्य.

संकल्प : ३१ मार्चपूर्वी कर्जत महाराष्ट्रात पहिले. त्यानंतर प्राग. प्रागची घाई नाही.

२ नोव्हेंबर, दुपारी

संकल्प उज्वलाला सांगितला. ती म्हणाली, "बरं. उद्या कडावला जायचंय, पोपटकडे. जागेचं पक्कं करायचंय, तेवढं विसरू नका." प्रागबद्दल एकही प्रश्न नाही. आमच्या संसाराचा हा सारांश आहे.

कडावची जागा हे तिचे नवे खूळ. बावीस वर्षे तिथल्या शाळेत शिकवून ती निवृत्त झाली. एवढ्यात कोणाही शहाण्या माणसाला त्या गावाचा कंटाळा आला असता. हिला तिथेच, भाताच्या खाचरांच्या कडेला, लहानसे घर बांधून राहायचे आहे. स्वतःच्या निवृत्तीच्या पैशांतून. मी विरोध केलेला नाही. फक्त हरकती नोंदवल्या आहेत.

३ नोव्हेंबर, रविवार

कडाव. पोपट आणि त्याची बायको बायजा. त्यांची मुले उज्वलाच्या हाताखाली शिकली, त्यामुळे "बाई, बाई" करून पुढे-मागे. चहात साखर इतकी, की चमचा उभा राहावा. पोपटने छातीवर हात ठेवून सांगितले, "बाई, सबूद म्हंजी सबूद. त्या तुकड्याला शेहेरातले धा जन इचारून गेले. पन जागा तुमालाच. मार्गशीर्षात कागद करू." उज्वलाचे डोळे भरून आले. चहामुळेही असेल.

त्यांचे भावनिक कामकाज चालू असताना मी अंगणातून पाहणी केली. भात कापून झालेले, शेते मोकळी, बांधांवर जागोजागी दगड आणि झुडपे. डबे लपवायला याहून योग्य जागा प्रागमध्येही नसेल. शिवाय उज्वलामुळे दर रविवारी इथे यावेच लागणार. स्कूटरचे पेट्रोल कारणी लागेल.

९ नोव्हेंबर

नियमांचा अभ्यास पूर्ण. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवे. जमीनमालकाची परवानगी हवी. आणि जे खेळात नाहीत, त्यांना डब्याचा पत्ता लागता कामा नये. गुप्तता हा या खेळाचा आत्मा आहे.

फोनच्या जीपीएसवर माझा विश्वास नाही. पाच-सात मीटर इकडेतिकडे हे त्याच्या लेखी काहीच नसते. रुपेशच्याही नसते, म्हणून त्याचे डबे वाटेल तसे विखुरलेले आहेत. मी टेपने मोजणार. दर १६१ मीटरवर एक खुंटी, वरचे टोक लाल. खुंटीच्या पायथ्याशी डबा. आणि सर्व डबे एका सरळ रेषेत. जगाच्या नकाशावर कर्जत तालुका ओळीने दिसला पाहिजे.

१० नोव्हेंबर, रविवार

कामाला प्रारंभ. उज्वला बायजाबरोबर आतल्या खोलीत कुठल्याशा लग्नाची चर्चा करत असताना मी पोपटच्या जागेच्या कोपऱ्यापासून पूर्वेकडे रेषा धरली. चार खुंट्या झाल्या.

पोपट मागे मागे आला. "सायेब, काय मोजताव?"

मी सांगितले की आता काही विचारू नका, योग्य वेळी कळेल.

"सरकारी हाय का?"

मी म्हणालो, सरकारी नव्हे, आंतरराष्ट्रीय.

तो दोन पावले मागे सरला. ग्रामीण माणसाला योग्य शब्द वापरला की लगेच समजते. मग मी नियमाप्रमाणे परवानगी मागितली : तुमच्या बांधावर एक वस्तू कायमची राहील, हरकत आहे का? त्याने बराच वेळ कानामागे खाजवले आणि विचारले, "सगल्यांच्याच बांधावं?" मी म्हणालो, सरळ रेषेत जे येतील त्यांच्या. आणि कृपा करून कोणाला सांगू नका.

"नाय सांगत," तो म्हणाला. "आयच्यान नाय सांगत."

पोपटविषयीचे माझे मत किंचित सुधारले आहे.

१३ नोव्हेंबर

डबे मंजूर! ॲपचा रिव्ह्यूअर कुठल्या देशातला आहे कळत नाही, परंतु माझ्या अंतरांत चूक काढणे त्याला शक्य झाले नाही. कर्जत : चार. खालापूर : तीन. उज्वलाला सांगितले. ती फरशीचे नमुने पाहत होती. म्हणाली, "वा."

१६ नोव्हेंबर

पहिला शोधकर्ता रुपेश. अर्थात. हेवा माणसाला खोपोलीहून कडावपर्यंत आणतो. चारही डबे शोधले आणि ॲपवर शेरा मारला : "सापडले. खुंट्या रस्त्यावरूनच दिसतात. काका, लपवायचे असतात." खाली आणखी एक : "आणि यादी शहरांची असते. हे तर शेत आहे."

कर्जत म्हणजे कर्जत तालुका, हे ज्याला कळत नाही, त्याला जमिनीवरचा घसारा कसा कळणार? उत्तर लिहिले. ॲपने ते असभ्य ठरवून काढून टाकले. त्यात असभ्य काहीही नव्हते. मी फक्त त्याची पदवी कुठल्या प्रकारच्या दुकानात मिळाली असेल, एवढेच विचारले होते.

१७ नोव्हेंबर, रविवार

आणखी सात डबे. रेषा आता गावाच्या पार पलीकडे पोचली.

गावात माझा मान वाढल्याचे स्पष्ट जाणवते. पूर्वी मला "बाईंचं मानूस" म्हणत. आता बांधाबांधावर माणसे उभी राहतात. एकाने खुर्ची आणली, दुसऱ्याने शहाळे. एक म्हातारी टेपचे टोक सोडेचना. "सायेब, माज्या घरावरून नका नेऊ रं, तितं माजा नवरा मेलाय." मी तिला समजावले की रेषा घरावरून जाणार नाही, गोठ्याला स्पर्श करून जाईल. तिने मला तांदळाच्या दोन भाकरी दिल्या.

खेळाविषयी इतकी आस्था मी कर्जत शहरातही पाहिली नाही. नियमानुसार तपशील कोणालाही सांगितला नाही.

टीप : पोपटने रेषेलगत आंब्याची कलमे लावली आहेत. ओळीने, दाट. नोव्हेंबरात! आंबा लावायचा तो पावसाच्या तोंडावर, हे पुस्तकातले ज्ञान मला आहे आणि या पिढीजात शेतकऱ्याला नाही. त्याच्या शेजाऱ्याने पत्र्याची शेड उभारली आहे. आत काही नाही. तिसऱ्याने एका रात्रीत विहिरीचे कठडे बांधले. विहीर मात्र खणलेली नाही. या देशाचे उत्पादन का वाढत नाही, ते इथे येऊन पाहावे.

२० नोव्हेंबर

कडावातून नवा रस्ता जाणार, अशी बातमी आहे. भाजीवाल्याने सांगितले, मग सोसायटीच्या वॉचमनने. कोणी चार पदरी म्हणते, कोणी सहा. जपानचे पैसे आहेत म्हणे.

विशेष म्हणजे हा रस्ता नेमका माझ्या डब्यांच्या ओळीतूनच जाणार, असे सांगतात. शासनाच्या अभियंत्यांना अखेर सरळ रेषेचे महत्त्व कळले, याचे समाधान वाटते. परंतु माझे अकरा डबे डांबराखाली जाणार, हा भाग अन्यायकारक आहे. मी आधी आलो.

२४ नोव्हेंबर, रविवार

घोर घातपात. अकरांपैकी सात खुंट्या जाग्यावर नाहीत! तीन खुंट्या शेजारच्या शेतात सरकलेल्या, डब्यांसह. एक थेट ओढ्यापलीकडे. दोन तर एकाच शेतात, एकमेकींपासून दहा पावलांवर. अंतराच्या नियमाची धडधडीत पायमल्ली. एक खुंटी मात्र म्हातारीच्या गोठ्यापासून उचलून दूर स्मशानाजवळ ठोकली होती.

रेषा पार वाकडी. ॲपवर तक्रारी : "डबा सापडला नाही", "डबा सापडला नाही". पुण्याच्या एका बाईने तर लिहिले की डबा शोधताना एका माणसाने तिला उसाचा रस पाजला आणि रस्ता आमच्याकडूनच न्या म्हणून पायाशी वाकला.

यामागे कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. रुपेश.

२७ नोव्हेंबर

खोपोलीला जाऊन रुपेशला जाब विचारला. तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात वडापाव खात बसला होता. आता तिथेच बसतो म्हणे, दुकान मेहुण्याचे आहे. मी त्याला शांतपणे तो काय आहे ते सांगितले. दुकानातली दोन गिऱ्हाइके निघून गेली.

तो म्हणाला, "काका, तुमचे डबे हलवायला मी येडा आहे का? मला एका डब्याला एवढं पेट्रोल परवडतं का?" मग तिखट हाताने डोळा चोळून वर हसायला लागला. "कडावात रस्ता येतोय ना? लोकंच हलवत असतील. खुंटी इकडे आली की पैसे इकडे. पण तुमच्या खुंट्या कशाला हलवतायत ते? त्या काय रस्त्याच्या आहेत?"

मी म्हणालो, नाहीत.

तो एकदम हसायचा थांबला. मग म्हणाला, "काका, बसा. चहा घ्या."

घेतला नाही. गुन्हेगाराची दया नको.

१ डिसेंबर, रविवार

पोपटने जागा द्यायला नकार दिला.

उज्वलाने विचारले, काय झाले रे? त्याने तिच्याकडे पाहिलेच नाही. माझ्याकडे पाहून बोलला. "बाई, तुमी आमच्या पोरांना खोटं बोलू नका म्हनून छड्या मारल्या. आनि आता तुमीच? रस्त्याची खबर तुमाला आधीच होती. म्हनून तुकडा सस्तात काढत होतात. आमी अडानी, म्हनून ना?" बायजाने चहा विचारला नाही. आतून फक्त म्हणाली, "जाऊ द्या हो. मोठी मानसं हायत."

उज्वला वळून बाहेर आली. स्कूटरवर मागे बसली. कर्जतच्या फाट्यापर्यंत मी तिला समजावत होतो की झाले ते योग्यच झाले. सहा पदरी रस्त्याच्या कडेला कोणी घर बांधत नाही, धूळ येते. मग लक्षात आले की ती रडत आहे. "बावीस वर्षं," ती म्हणाली. "त्या गावात कोणी मला खोटारडी म्हणालं नव्हतं."

घरी आल्यावर गॅलरीतल्या पारिजातकाच्या रोपाला मीच पाणी घातले. कडावच्या अंगणासाठी आणलेले आहे ते.

या सर्वाला शासन जबाबदार आहे.

३ डिसेंबर

तालुक्याच्या कार्यालयात गेलो. रस्त्याचा नकाशा मागितला. कारकून म्हणाला, असा कुठलाही रस्ता नाही. मी आवाज चढवला. त्याने तीन टेबलांवर विचारून पाहिले. नाही. मोजणी केली कोणी मग, असे मी विचारले, तर म्हणाला, "आम्हालाही तेच पाहिजे. कडावचे लोक रोज येतात. कोणीतरी टोपीवाला इसम टेप घेऊन फिरतो म्हणे."

लपवाछपवी! रस्ता आहे, ते मान्य करत नाहीत. बाहेर पडताना कडावचे चार-पाच जण आत येत होते. मला पाहून एकमेकांना कोपरखळ्या मारल्या. "बग, मी नाय म्हनालो?" असे एक जण म्हणाला. काय म्हणाला होता, ते विचारणे माझ्या स्वभावात नाही.

५ डिसेंबर

सकाळी उज्वला गॅलरी झाडत होती. रंगाचा डबा हातात घेऊन आत आली. तिने विचारले, ग्रिलचा हा लाल रंग कुठे संपला? मी सांगितले, खुंट्यांना. कुठल्या खुंट्यांना? कडावच्या. ती खाली बसली.

तिने विचारले, तुम्ही मोजताना कोणी काही विचारलं का? मी म्हणालो, सर्वांनी विचारले. तुम्ही काय सांगितलं? मी म्हणालो, काहीही सांगितले नाही. हेच तर कौशल्य आहे.

तिने रंगाचा डबा खाली ठेवला. मग अतिशय हळू म्हणाली, "अहो, तो रस्ता तुम्ही आहात."

मी असहमत आहे. माझी रेषा आणि रस्त्याची रेषा एकच असणे हा योगायोग मानण्यास पुरेशी जागा आहे. मात्र ती वाद घालण्याच्या मनःस्थितीत नव्हती. रविवारी गाव जमवते, तुम्ही यायचं आणि सगळं खरं सांगायचं, असे तिने फर्मावले.

गावासमोर बोलण्याची संधी! भाषणाची तयारी सुरू केली आहे. जिओकॅशिंगचा इतिहास, प्रागची स्थिती, कर्जतचे भवितव्य. एवढी जनता एकाच वेळी खेळात आली, तर ३१ मार्चचीही आवश्यकता उरणार नाही.

८ डिसेंबर, रविवार, संध्याकाळी

शाळेचे पटांगण. सारा गाव. पुरुष पुढे उकिडवे, बायका मागे पायरीवर. पोपट मध्ये हाताची घडी घालून.

मी उभा राहिलो. ॲप दाखवले, नकाशा दाखवला, नियम वाचून दाखवले. डबा उघडून कागद दाखवला. सांगितले की मुंबई-पुण्याची माणसे येऊन हा डबा शोधतात, नाव लिहितात आणि डबा परत ठेवतात.

"मंग काय भेटतं?" कोणीतरी विचारले.

मी म्हणालो, काही नाही.

हशा झाला. मग तो थांबला, आणि जे सुरू झाले ते हसण्याहून वाईट होते. पोपट उठला. "सायेब, आमाला येडं समजता? ह्या वयात मानूस बायकोला घेऊन, टेप घेऊन, उन्हातान्हात डबे लपवीत फिरतो, आनि ते बी फुकट? आवो, निदान खोटं तरी बरं बोला. लहान पोर बी इस्वास नाय ठेवनार." मागून आवाज आला, "रस्ता दुसरीकडं वळवला आसंल यानं! पैसं खाल्लं!" म्हातारी ओरडली, "माज्या भाकऱ्या खाल्ल्या ना रं!" कोणीतरी माझी टोपी उडवली. मी प्रागचा मुद्दा पुन्हा मांडण्याचा प्रयत्न केला. प्रागला कोणीही विचारले नाही.

मग उज्वला पायरीवरून उठली.

ती म्हणाली, "बसा रे सगळे." सारा गाव बसला. पोपटसुद्धा. अर्धे तिचेच विद्यार्थी.

तिने माझ्याविषयी सांगितले की मी खोटे बोलत नाही. माझ्यात तेवढी कल्पनाशक्ती नाही. आमच्या लग्नात मंडपाचे कोपरे काटकोनात नाहीत म्हणून मी मंडपवाल्याला ते सोडायला लावले, आणि भन्तेजी उन्हात उभे राहिले. सासऱ्यांच्या पुण्यानुमोदनाला मी पंगतीतल्या ताटांमधले अंतर टेपने मोजत होतो. लोक रडायचे थांबून मला पाय उचलून देत होते. गेल्या वर्षी सोसायटीच्या टाकीखाली मधमाश्यांनी पोळे केले, तर मी पोळे हटवण्याविषयी माश्यांना नोटीस लावली. पोळ्याच्या शेजारी. मराठीतून आणि इंग्रजीतून.

यातील प्रत्येक घटनेला पार्श्वभूमी आहे. ती तिने सांगितली नाही.

"हा माणूस असाच आहे," ती म्हणाली. "कोणी सांगितलं नाही, कोणी पैसे दिले नाहीत, तरी केलं. रस्ता-बिस्ता काही नाही. तुम्ही कलमं लावलीत, शेडा बांधल्या, त्याचं मला वाईट वाटतं. पण मी तुम्हाला फसवलं नाही रे पोपट. मला फक्त घर हवं होतं."

मग बायजा कपाळावर हात मारून म्हणाली, "आगं बया. माश्यांना नोटीस?" आणि हसली. तिच्यामागून म्हातारी हसली. मग सगळेच.

पोपट हसला नाही. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने माझी टोपी उचलून, झटकून माझ्या डोक्यावर ठेवली. मग उज्वलाकडे वळून म्हणाला, "बाई, माफ करा. आमाला काय ठावं, तुमी घरी एवडं सोसताव."

९ डिसेंबर

सकाळी पोपटचा फोन. जागा देणार, ठरल्या भावाने. कलमे त्यातच. उज्वला खिडकीत उभी राहून चहा प्यायली. गाणे गुणगुणत होती. माझ्याशी बोलली नाही, परंतु माझाही चहा केला.

डबे परत आणायला गेलो. अकरांपैकी पाच सापडले. दोन डब्यांत बायजाने तिखट भरून ठेवले आहे. ते परत मागितले नाहीत. ॲपवर कर्जत पुन्हा शून्य.

एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. काल मी तासभर बोललो. नियम दाखवले, नकाशा दाखवला, डबा उघडून दाखवला. एकालाही पटले नाही. ती पाच मिनिटे बोलली.

कोणीही पुरावा मागितला नाही.